विकून झाल्यावर काढून घेतलेला लिनक्स

१ एप्रिल २०१० रोजी सोनी कंपनीने आपल्या प्लेस्टेशन ३ या गेम कन्सोलसाठी ३.२१ क्रमांकाचा अपडेट आणला. एरवी अपडेट म्हटला की त्यात एखादी नवी सोय असते, नाहीतर जुनी चूक दुरुस्त केलेली असते. या अपडेटने असलेली सोय काढून टाकली. त्या दिवसापर्यंत या यंत्राचे जुने, स्लिमच्या आधीचे मॉडेल असलेल्या कोणालाही त्यावर लिनक्स चालवता येत होते. त्यासाठी यंत्र उघडावे लागत नव्हते, काही चोरून करावे लागत नव्हते. कंपनीनेच मेनूत ‘अदर ओएस’ नावाचा पर्याय दिला होता. अपडेट घेतला की हा पर्याय जाई. न घेतला तर प्लेस्टेशन नेटवर्कवर प्रवेश मिळत नसे, म्हणजे ऑनलाइन खेळ बंद. शिवाय नव्या फर्मवेअरची अट असलेले गेम आणि ब्लू-रे डिस्कही चालत नसत. पाचशे-सहाशे डॉलर मोजून ज्याने दोन्ही गोष्टी घेतल्या होत्या, त्याला आता त्यांतली एक सोडायची होती. माझे म्हणणे असे आहे की विकलेल्या यंत्रावर कोणता प्रोग्रॅम चालेल हे ठरवण्याचा अधिकार विक्रीबरोबरच ग्राहकाकडे जातो. तो अडवून धरल्याने कंपनीला जे संरक्षण मिळते असे सांगितले जाते, ते कन्सोलवरच्या लिनक्सच्या इतिहासात मला तरी कुठे सापडत नाही. सापडते ते नुकसान, आणि ते बहुतेक वेळा तिसऱ्याच कोणाचे तरी.

कन्सोल हा मुळात संगणकच. प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, नेटवर्क, सगळे तेच. फक्त प्रोग्रॅम सुरू करण्याआधी तो त्यावरची कंपनीची डिजिटल सही तपासतो आणि सही नसेल तर प्रोग्रॅम चालवायला नकार देतो. प्लेस्टेशन ३ च्या या तटबंदीत सोनीने एक दरवाजा ठेवला होता. सेटिंग्जमधल्या फॉरमॅटच्या पर्यायात जाऊन हार्ड डिस्कचे दोन भाग करायचे. यात निवड दोनच प्रकारची: दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला १० जीबी द्या आणि बाकीची जागा गेमना ठेवा, किंवा गेमना १० जीबी ठेवून उरलेली सगळी जागा तिला द्या. मग पेन ड्राइव्हवर ‘पीएस३’ या फोल्डरच्या आत ‘अदरओएस’ नावाचा फोल्डर करून त्यात बूटलोडरची फाइल टाकायची, पेन ड्राइव्ह यंत्राला लावायचा आणि मेनूतून ‘इन्स्टॉल अदर ओएस’ निवडायचे. पुढच्या वेळी यंत्र सुरू झाले की टीव्हीच्या पडद्यावर गेमच्या मेनूऐवजी काळ्या पार्श्वभूमीवर ‘केबूट’ या बूटलोडरची ओळ येई आणि तिथून लिनक्स सुरू होई. आतली रचना विचारपूर्वक केलेली होती. लिनक्सच्या खाली सोनीचा हायपरवायझर, म्हणजे यंत्रावर पहारा ठेवणारा प्रोग्रॅम, चालूच राहत असे. ग्राफिक्सची चिप तो लिनक्सच्या हाती पूर्णपणे लागू देत नसे आणि गेमच्या किल्ल्याही दूर ठेवत असे. आपल्या गुपितांना धक्का न लावता ग्राहकाला मोकळी जागा कशी द्यायची, याचे उत्तर सोनीच्या अभियंत्यांनी काढले होते आणि ते तीन वर्षांहून अधिक काळ टिकले. ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादात महत्त्वाची आहे.

ही सोय चुकून राहिली होती असेही नाही. १९९७ साली सोनीने पहिल्या प्लेस्टेशनसाठी हौशी प्रोग्रॅमरांना ‘नेट यारोझ’ नावाचा संच विकला होता. प्लेस्टेशन २ साठी तर तिने स्वतःच लिनक्सचा संच काढला: ४० जीबीची हार्ड डिस्क, नेटवर्क अॅडॉप्टर, कीबोर्ड, माउस, मॉनिटरची केबल आणि डिस्क. अमेरिकेत २००२ साली त्याची किंमत १९९ डॉलर होती. ३२ एमबी मेमरीच्या त्या यंत्राकडून फार अपेक्षा ठेवता येत नव्हत्या, तरीही इलिनॉय विद्यापीठातल्या राष्ट्रीय महासंगणन केंद्राने २००३ साली अशी सुमारे सत्तर यंत्रे जोडून एक संगणन-समूह उभा केला. २००६ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ३ बाजारात आले तेव्हा प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी हे यंत्र संगणक आहे असेच सांगत होते, आणि त्याच महिन्याच्या शेवटी टेरा सॉफ्ट या कंपनीचे यलो डॉग लिनक्स त्यासाठी उपलब्धही झाले. फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० या लिनक्स कर्नलमध्ये प्लेस्टेशन ३ चा आधार अधिकृतपणे समाविष्ट झाला. ते काम सोनीच्याच माणसांनी केले होते. म्हणजे लिनक्स हा विकलेल्या मालाचा भाग होता आणि लोकांनी तो पाहून पैसे मोजले.

पैसे मोजणाऱ्यांत शास्त्रज्ञही होते, कारण आतला ‘सेल’ प्रोसेसर. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून केलेल्या या चिपमध्ये एक मुख्य प्रोसेसर आणि आठ छोटे गणक होते. त्या आठांपैकी एक उत्पादनातला तोटा कमी करण्यासाठी बंद ठेवलेला, एक हायपरवायझरसाठी राखीव. लिनक्सच्या वाट्याला सहा येत. प्रत्येकाची स्वतःची मेमरी अवघी २५६ केबी. मुख्य मेमरीतून माहितीचा तुकडा केव्हा आणायचा, गणित करून केव्हा परत पाठवायचा, हे प्रोग्रॅमरने स्वतः लिहायचे. एक तुकडा सोडवत असताना दुसरा वाटेत असला पाहिजे, नाहीतर गणक रिकामा बसतो. हे जिकिरीचे काम ज्याला जमले त्याच्या हाती प्रत्येक गणकामागे सेकंदाला २५६० कोटी आकडेमोडी येत, म्हणजे सहांच्या मिळून पंधरा हजार कोटींवर. हा आकडा कमी अचूकतेच्या गणिताचा आहे. जास्त अचूकतेच्या गणितात ही चिप बरीच मागे पडे. तरी त्या किमतीत दुसरे काहीच तसे मिळत नव्हते.

आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेत कृष्णविवरांवर संशोधन करत होते. महाकाय कृष्णविवरात छोटे कृष्णविवर पडताना कोणत्या गुरुत्वीय लहरी उठतील याचे गणित त्यांना संगणकावर सोडवायचे होते आणि महासंगणकावरचा वेळ महाग होता. २००७ साली त्यांनी सोळा प्लेस्टेशन एकमेकांना जोडले. त्यांपैकी चार सोनीने देणगी म्हणून दिले होते. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या तंत्रविद्यापीठात दोनशे यंत्रांचा समूह होता. २००८ च्या डिसेंबरात संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने त्याच समूहावर गणित करून इंटरनेटवरच्या प्रमाणपत्रांच्या व्यवस्थेतले खिंडार जगापुढे ठेवले. एमडी५ या जुन्या पद्धतीचा दुबळेपणा वापरून त्यांनी असे बनावट प्रमाणपत्र तयार केले की जे कोणत्याही ब्राउझरने खरे मानले असते. बँकेची खोटी वेबसाइट खरी म्हणून खपवण्याची ही वाट त्यानंतर बुजवली गेली, आणि त्याचा फायदा त्या गल्लीबोळातल्या ग्राहकालाही झाला ज्याने प्लेस्टेशन कधी पाहिलेही नाही. २०१० च्या अखेरीस अमेरिकी हवाई दलाच्या न्यूयॉर्क राज्यातील रोम येथील प्रयोगशाळेने १७६० प्लेस्टेशन आणि इतर सर्व्हर जोडून ‘काँडोर’ नावाचा महासंगणक उभा केला. खर्च सुमारे २० लाख डॉलर, वेग ५०० टेराफ्लॉप. रडारच्या आणि उपग्रहांच्या प्रतिमांवरच्या प्रक्रियेसाठी तो वापरला गेला. नंतर याच प्रयोगशाळेने खन्नांना १७६ यंत्रे दिली आणि त्यांनी ती शीत-कंटेनरमध्ये मांडून चालवली.

बाजारात मिळणाऱ्या चिपा जोडून महासंगणक करण्याची कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही, तेव्हा पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० उभा राहिला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. परम शक्य झाला याचे एक कारण असे की ती चिप एकदा विकत घेतली की तिच्यावर काय चालवायचे हे पुण्यातल्या अभियंत्यांच्या हाती होते. त्या चिपा खेळण्याच्या डब्यात बंद करून, फक्त सहीचेच प्रोग्रॅम चालतील अशा अटीने विकल्या गेल्या असत्या, तर पैसे असूनही काही करता आले नसते. काँडोर उभारणाऱ्यांना नेमकी हीच अडचण आली. हाती असलेली यंत्रे अपडेट न करता ती चालवता येत होती, पण बिघडलेले यंत्र दुरुस्त होऊन आले किंवा नवे घेतले की त्यात लिनक्सची सोय नसे.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. कन्सोल तोट्यात विकायचा आणि तो तोटा गेममधून भरून काढायचा, हा या धंद्याचा हिशेब. आयसप्लाय या संस्थेने २००६ साली यंत्र उघडून केलेल्या अंदाजानुसार ५९९ डॉलरच्या प्लेस्टेशनमधल्या सुट्या भागांची आणि जुळणीची किंमत ८४० डॉलर होती, ४९९ डॉलरच्या यंत्राची ८०५. प्रयोगशाळेने हजार यंत्रे घेतली आणि एकही गेम घेतला नाही, तर तो तोटा कंपनीच्या अंगावर पडतो. ही तक्रार खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे अन्यायाचे होईल. पण किंमत कोणी ठरवली? कंपनीने, स्वतःच्या हिशेबाने, प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्यासाठी. स्वस्तात विकण्याचा डाव फसला तर त्याची भरपाई आधीच पैसे चुकते केलेल्या गिऱ्हाइकाच्या घरातून करता येत नाही. लिनक्सची सोय असलेले यंत्र महाग ठेवता आले असते, प्रयोगशाळांसाठी वेगळा दर लावता आला असता, किंवा नव्या यंत्रांत ती सोय देऊ नये असे ठरवता आले असते. शेवटचा मार्ग सोनीने २००९ च्या सप्टेंबरात आलेल्या स्लिम यंत्रात घेतलाही, आणि त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. जे विकले नाही ते न देण्यात फसवणूक नसते.

दुसरा आक्षेप पायरसीचा. लिनक्सचे दार उघडे ठेवले की त्यातून चोर शिरतात, असे म्हटले जाते, आणि ३.२१ अपडेटचे कारणही सोनीने सुरक्षितता हेच दिले होते. ही भीती पूर्णपणे काल्पनिक नव्हती. जॉर्ज हॉट्झ या तरुणाने जानेवारी २०१० मध्ये हायपरवायझरला बगल देण्याची युक्ती जाहीर केली, आणि ती अदर ओएसच्याच वाटेने, मेमरीच्या तारांवर नेमक्या क्षणी विजेचा धक्का देऊन साधलेली होती. हे मान्य करूनच पुढे जायला हवे. मात्र त्या युक्तीने कोणाला गेमची नक्कल चालवता आली नाही. नकला चालवण्याचे साधन २०१० च्या ऑगस्टमध्ये आले, म्हणजे दार बंद झाल्यानंतर चार महिन्यांनी, आणि ते यूएसबीला लावायचे एक छोटे उपकरण होते. लिनक्सशी त्याचा संबंध नव्हता. इतर यंत्रांकडे पाहिले तरी हेच दिसते. प्लेस्टेशन २ ची पायरसी फोफावली ती आत डाखलेल्या मॉडचिपमुळे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांना ती चांगली ठाऊक होती. सोनीच्या १९९ डॉलरच्या लिनक्स संचाची तिला कधी गरज भासली नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० वर लिनक्सची अधिकृत सोय नव्हती, तरी त्याच्या डीव्हीडी ड्राइव्हला फसवून नकला चालू लागल्या. निन्टेन्डोचा वी २००८ साली उघडला गेला. त्या पिढीत सर्वांत जास्त काळ अभेद्य राहिलेले यंत्र प्लेस्टेशन ३ होते, म्हणजे ज्याच्यावर लिनक्सला परवानगी होती तेच.

यामागचे कारण फेलओव्हरफ्लो या हॅकरांच्या गटाने २९ डिसेंबर २०१० रोजी बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये मांडले. ज्यांच्याकडे कुलूप उघडण्याचे कौशल्य असते त्यांना बहुधा स्वतःचे प्रोग्रॅम चालवायचे असतात. नकला विकणारे त्यांच्या मागून येतात. दार उघडे होते तोवर या मंडळींना तटबंदीत रस नव्हता. दार बंद झाले आणि त्यांनी ती तपासायला घेतली. त्यांना जे सापडले ते थक्क करणारे होते. सोनी प्रोग्रॅमवर डिजिटल सही करायला जी पद्धत वापरत होती, तिच्यात प्रत्येक सहीसाठी एक गुप्त संख्या नव्याने, कोणालाही ओळखता येणार नाही अशी निवडावी लागते. सोनी दर वेळी तीच संख्या वापरत होती. सहीच्या सूत्रात अज्ञात गोष्टी दोन: ही गुप्त संख्या आणि सोनीची खासगी किल्ली. एका सहीवरून एक समीकरण मिळते आणि दोन अज्ञात एका समीकरणातून सुटत नाहीत. पण संख्या तीच असेल तर दुसऱ्या सहीवरून दुसरे समीकरण मिळते. एकातून दुसरे वजा केले की किल्लीचे पद उडते, गुप्त संख्या हाती येते, आणि ती मागे घातली की किल्ली. आकडे प्रचंड मोठे असतात आणि भागाकार विशिष्ट प्रकारचा असतो एवढेच. रीत दहावीच्या बीजगणितातल्या दोन चलांच्या समीकरणांचीच. ही चूक यंत्र बाजारात येण्याआधीपासून तिथे होती. दार उघडे असताना तीन वर्षांहून अधिक काळ ती कोणी शोधली नाही, आणि दार बंद झाल्यावर नऊ महिन्यांत शोधली गेली. एकामागोमाग घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे म्हणू नये, हे मला कळते. पण इथे शोधणाऱ्यांनी स्वतःच अदर ओएस काढल्याचे कारण सांगितले आहे, आणि ते खोटे मानायला मला आधार दिसत नाही.

‘मग सरळ संगणकच का घेत नाही?’ असा एक प्रश्न हमखास येतो. त्याला पहिल्या एक्सबॉक्सचा इतिहास उत्तर देतो. २००१ सालचे ते यंत्र म्हणजे ७३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम, ६४ एमबी मेमरी आणि हार्ड डिस्क. स्वस्त आणि टीव्हीला जोडता येणारा संगणकच. एमआयटीतले विद्यार्थी अँड्र्यू हुआंग यांनी २००२ साली त्याच्या दोन चिपांमधल्या तारांवरून धावणारी माहिती टिपून बूटची गुप्त किल्ली मिळवली. लिंडोज कंपनीचे प्रमुख मायकेल रॉबर्टसन यांनी एक्सबॉक्सवर लिनक्स चालवणाऱ्यांसाठी दोन लाख डॉलरचे बक्षीस लावले. २००३ साली जेम्स बाँडच्या एका गेमच्या सेव्ह फाइलमध्ये प्रमाणाबाहेर लांब मजकूर घालून, यंत्र न उघडता लिनक्स सुरू करता येऊ लागले. अशाच मोकळ्या केलेल्या यंत्रावर हौशी लोकांनी चित्रपट आणि गाणी चालवणारा एक प्रोग्रॅम लिहिला, एक्सबॉक्स मीडिया सेंटर. तोच पुढे इतर यंत्रांवर गेला आणि २०१४ पासून कोडी या नावाने ओळखला जातो. आज असंख्य घरांत टीव्हीमागच्या छोट्या डब्यांवर तो चालतो. संगणक वेगळा घेता आला असता हे खरेच. पण टीव्हीखाली आधीच बसलेले यंत्र हाताशी होते म्हणून ही गोष्ट त्या रूपात जन्मली.

ऑनलाइन खेळातली लबाडी हा आक्षेप मी हलका मानत नाही. बदललेल्या यंत्रावरून खेळणारा इतरांचा खेळ नासवतो, म्हणून आपल्या नेटवर्कवर कोणाला घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क कंपनीला असलाच पाहिजे. तो हक्क नेटवर्कवर आहे, माझ्या हार्ड डिस्कवर नाही. दोन्ही वेगळे ठेवता येतात हे प्लेस्टेशन ३ च्या हायपरवायझरने दाखवले होते, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत आलेल्या व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकने ते पुन्हा दाखवले. हे हातात धरायचे कन्सोल मुळातच आर्च लिनक्सवर चालते. पाहिजे त्याने त्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी. परत मूळ स्थितीत यायचे तर व्हॉल्व्ह स्वतःच त्यासाठीची इमेज देते. गेम विकून पैसे मिळवण्याचा व्हॉल्व्हचा धंदा त्यामुळे बुडालेला नाही. उलट बाजूला सोनीचे प्लेस्टेशन ४ आहे. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम फ्रीबीएसडीवर, म्हणजे जगभरच्या प्रोग्रॅमरांनी खुल्या ठेवलेल्या कामावर उभी आहे. परवाना तशी मुभा देतो, त्यामुळे यात बेकायदा काही नाही. पण ज्यांच्या मोकळेपणावर यंत्र उभे राहिले, त्याच मोकळेपणाला त्या यंत्रावर जागा नसावी, हे मला खुपते.

‘किती जण लिनक्स वापरत होते?’ हा आक्षेप आकड्याच्या दृष्टीने बरोबर आहे: थोडेच. थोडक्यांचा हक्क हा हक्क नसतो असे मानले तरच त्यातून काही सिद्ध होते. ‘अपडेट सक्तीचा नव्हता’ हा बचावही तसाच पोकळ आहे, कारण न घेतल्याची शिक्षा वर सांगितलीच आहे. न्यायालयात सोनीचा भर परवान्यातल्या बारीक अक्षरांतल्या कलमांवर होता: अपडेटमुळे काही सोयी जाऊ शकतात असे त्यात लिहिले होते. एप्रिल २०१० मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झालेला ग्राहकांचा सामूहिक दावा २०११ साली फेटाळला गेला, २०१४ साली अपील न्यायालयाने त्यातले काही मुद्दे पुन्हा जिवंत केले, आणि २०१६ साली लिनक्स प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना ५५ आणि इतरांना ९ डॉलर अशी तडजोड पुढे आली. न्यायालयाने ती मंजूर केली नाही. अखेर २०१८ साली साडेसदतीस लाख डॉलरच्या निधीवर प्रकरण मिटले. आठ वर्षांनी. त्या कलमाचा अर्थ काय, हा मूळ प्रश्न तडजोडीमुळे निकाली निघालाच नाही, आणि तशाच आशयाची कलमे आपण टीव्ही, फोन, गाडी घेताना रोज मान्य करतो.

भारतातल्या वाचकाला याबाबत एक गोष्ट माहीत असावी. अमेरिकेत कुलूप तोडणे हाच मुळी गुन्हा ठरू शकतो आणि सूट मिळवण्यासाठी दर तीन वर्षांनी अर्ज करावे लागतात. २०१२ साली कन्सोलसाठीची सूट नाकारली गेली. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले ६५अ हे कलम वेगळे आहे. त्यात कुलूप तोडणे शिक्षेला पात्र ठरते ते कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तोडले तर. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडायला ते आड येत नाही. दुसऱ्याला कुलूप तोडायला मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव-पत्ता आणि कामाचे कारण यांची नोंद ठेवावी, एवढी अट आहे. स्वतःच्या कन्सोलवर लिनक्स टाकणे हा कॉपीराइटचा भंग नव्हे, असे मी या कलमाच्या भाषेवरून समजतो. पण कंपनीने दुरून अपडेट पाठवून सोय काढून घेतली तर काय, याबद्दल हे कलम काही बोलत नाही. तिथे ग्राहक संरक्षण कायदाच कामाला यावा लागेल, आणि विकलेली सोय नंतर काढून घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिले जावे, अशी माझी मागणी आहे.

सोनीकडेही एक मागणी करता येते. प्लेस्टेशन ३ चे उत्पादन २०१७ साली थांबले, तोवर आठ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली होती. त्यांतली कितीतरी अजून चालू स्थितीत आहेत. किल्ली फुटून एक तप उलटले आहे, त्यामुळे जपण्यासारखे गुपित उरलेले नाही, आणि तोट्याचा हिशेबही केव्हाच मिटला. तरीही या यंत्रासाठी सोनी अधूनमधून अपडेट काढत आली आहे, मुख्यतः ब्लू-रे डिस्कच्या किल्ल्या नव्या करण्यासाठी. ज्या वाटेने अदर ओएस गेले ती वाट अजून वापरात आहे. पुढच्या अपडेटमध्ये तो पर्याय मेनूत परत ठेवावा.